सावत्र बापाची सही

1961 च्या प्राप्तिकर कायद्याने ‘मूल’ या शब्दात सावत्र मुलाचा स्पष्ट समावेश केला. अज्ञान मुलाचे उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवताना कुणी सावत्रपणाची पळवाट काढू नये, याची सोय त्यामुळे झाली. कंपनी कायद्याखालील 2014 चे नियम ‘नातेवाईक’ कोण हे सांगतात, तेव्हा बाप, आई, मुलगा, भाऊ, बहीण या प्रत्येकाच्या पोटात सावत्र बाप, सावत्र आई, सावत्र मुलगा असे सगळे घेतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत अवलंबून असलेले सावत्र मूल कुटुंबाचा भाग आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा कायदा विवाहामुळे झालेला नातेवाईक किंवा मुलाच्या आईशी घरोबा असलेला पुरुष यांच्या गुन्ह्याला अधिक गंभीर मानतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे सावत्र नाते कायद्याला माहीत नाही असे कुणी म्हणू शकत नाही. पण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 उघडून कलम 6 वाचले, की खाली स्पष्टीकरण दिसते: या कलमातील बाप आणि आई या शब्दांत सावत्र बाप आणि सावत्र आई येत नाहीत. शाळेच्या अर्जावर, दवाखान्यातल्या संमतीपत्रावर, बँकेच्या अज्ञान खात्यावर नैसर्गिक पालक म्हणून सही करण्याचा अधिकार त्या माणसाला नाही, मग त्याने ते मूल दोन वर्षांचे असल्यापासून वाढवलेले का असेना. कर घेताना आणि हितसंबंध तपासताना जे नाते कायद्याला ठळक दिसते, तेच मुलाला आधार द्यायची वेळ आली की नाहीसे होते. या विसंगतीकडे कायद्यातली किरकोळ त्रुटी म्हणून पाहता येणार नाही असे मला वाटते, आणि पुढच्या सगळ्या विवेचनाचा गाभा तोच आहे.

ही विसंगती सर्वांत जास्त बोचते ती वारसाच्या प्रश्नात. हिंदू वारसा कायद्याने 1956 मध्ये पहिल्या वर्गाचे वारस सांगितले. त्यात मुलगा, मुलगी, विधवा, आई आहेत, सावत्र मूल नाही. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदू स्त्रीच्या मिळकतीच्या वादात ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. त्या निकालामुळे सावत्र मुलाला निदान ‘नवऱ्याचा वारस’ म्हणून मागच्या रांगेत जागा उरली, कारण स्त्रीच्या मिळकतीत तिच्या मुलांनंतर आणि नवऱ्यानंतर नवऱ्याच्या वारसांचा क्रम लागतो. सावत्र बापाच्या मिळकतीत तीही जागा नाही. पहिल्या दोन वर्गांत तो नाही, आणि रक्ताचा किंवा दत्तकाचा धागा नसल्यामुळे सगोत्र किंवा भिन्नगोत्र वारसांतही तो बसत नाही. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाला स्वतःचे मूल नसेल, बायकोही आधी गेलेली असेल, तर मिळकत पुतण्याकडे, भाच्याकडे, कधी नावही न ऐकलेल्या भाऊबंदाकडे जाईल. ज्याने त्याला अग्नी दिला त्या सावत्र मुलाकडे जाणार नाही. याहून विचित्र गोष्ट म्हणजे सगळे मरणाच्या क्रमावर अवलंबून राहते. नवरा आधी गेला तर विधवेला वाटा मिळतो आणि तिच्यामागे तो तिच्या सगळ्या मुलांना जातो, पहिल्या लग्नातल्या मुलालाही. बायको आधी गेली तर त्या मुलाला सावत्र बापाच्या घरातला एक पैसाही कायद्याने मिळत नाही. घर तेच, माणसे तीच, प्रेमही तेच. फरक फक्त कोण आधी गेले याचा.

पनवेल तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या मुंबईसाठी संपादनात आली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नंतर विमानतळासाठी उठलेल्या गावांना साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले. ज्या कुटुंबांत पूर्वी भाताचे खाचर एवढीच इस्टेट होती, त्यांच्याकडे एकदम कोटींच्या मोलाचा हक्क आला, आणि तो ज्याच्या नावावर होता तो माणूस भूखंड मिळण्याआधीच वारला तर सगळे वारस दाखल्यावर येऊन थांबते. हा दाखला दिवाणी न्यायालय आजही 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली देते. सातबाऱ्यावरच्या वारस फेरफारापासून या दाखल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो: तुम्ही मयताचे कोण? सावत्र मुलाला या प्रश्नाचे उत्तर घरात देता येते, कागदावर देता येत नाही. शेतीत राबलेला, बापाला दवाखान्यात नेणारा, सगळ्या गावाला त्याचाच मुलगा म्हणून ठाऊक असलेला माणूस त्या रकान्यात रिकामा राहतो.

पोटगीचा हिशेब तर उघडच एकतर्फी आहे. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियमाचे कलम 20 म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याचे कर्तव्य मुलांवर टाकते आणि त्यातल्या ‘पालक’ शब्दात निपुत्रिक सावत्र आईचा समावेश करते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालीही निपुत्रिक सावत्र आईला, ती विधवा असेल किंवा तिचा नवरा तिला पोसण्यास असमर्थ असेल तर, सावत्र मुलाकडून पोटगी मागता येते असे सांगितले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ‘पालक’ या व्याख्येत सावत्र बाप आणि सावत्र आई दोघांनाही घातले. ‘मुले’ या व्याख्येत मात्र सावत्र मुलांचे नाव घ्यायचे राहिले. या तरतुदींमागची करुणा मला मान्य आहे. सवतीच्या मुलांना वाढवून म्हातारपणी दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बायका आपल्या समाजाने पाहिल्या आहेत. पण उलट दिशेला काय आहे? त्याच कलम 20 मध्ये लहान सावत्र मुलाला पोसण्याचे कर्तव्य सावत्र आईबापावर नाही. कलम 125 मध्ये नव्हते आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेतलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही नाही. हात धरून वाढवणाऱ्याला म्हातारपणी मागण्याचा हक्क असेल, तर ज्याचा हात धरला त्याला लहानपणी मागण्याचा हक्क का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला कायद्याच्या कुठल्याही भाष्यात सापडलेले नाही.

याची मुळे जुनी आहेत. आपल्या कथा-पुराणांत सावत्र आई भरपूर भेटते. ध्रुवाला मांडीवरून उठवणारी सुरुची आहे, रामाला वनात धाडणारी कैकेयी आहे. सावत्र बाप जवळजवळ नाहीच. ज्या वर्गाने या कथा लिहिल्या आणि सांगितल्या, त्या वर्गात विधुराला दुसरे लग्न सहज होते आणि विधवेला बंद होते. बहुजन समाजात पाट लागत होता, पण ग्रंथांत आणि पुढे कायद्यात जे घर गृहीत धरले गेले ते पहिल्या वर्गाचे. 1856 च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली खरी, पण कलम 2 ने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला आणि कलम 3 ने मयताच्या नातलगांना मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी घेऊन न्यायालयात जाण्याची वाट दिली. विधुराच्या पुनर्विवाहाने असा कुठलाच प्रश्न उभा राहत नव्हता. धोंडो केशव कर्व्यांनी मार्च 1893 मध्ये गोदूबाईंशी लग्न केले तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. मुरूडने त्या लग्नाबद्दल कर्व्यांवर बहिष्कार घातला, पण रघुनाथ कुणाचा आणि कुणाकडे राहणार हे कुणी विचारले नाही. नवऱ्यामागे मूल सांभाळणारी गोदूबाई असती आणि तिने पुन्हा लग्न केले असते, तर तोच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला असता. 1856 चा कायदा 1983 मध्ये रद्द झाला. मूल बापाच्या घराचे आणि आई त्या घरातली पाहुणी, ही त्याची समजूत मात्र पुढच्या कायद्यांत मुरत राहिली. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला आईलाही बापाच्या हयातीत नैसर्गिक पालक मानण्यासाठी ‘बापानंतर’ या शब्दांचा अर्थ ओढूनताणून लावावा लागला, यावरून ती समजूत किती खोल आहे ते कळते.

मग लोक काय करतात? सगळ्यांत जास्त लोक राजपत्रात नाव बदलून घेतात. मराठी नावाच्या रचनेत बापाचे नाव मधोमध येते, त्यामुळे शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे सावत्रपण रोज वाचले जाते, आणि आईला ते पुसावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. पण हे ठासून सांगितले पाहिजे की राजपत्रातल्या नावाने नाव बदलते, नाते तयार होत नाही. तसेच नामनिर्देशनाचे. खारघर-कामोठ्याच्या सोसायटीत फ्लॅटसाठी सावत्र मुलीचे नाव नॉमिनी म्हणून लावले, म्हणून ती मालक होत नाही. ती खऱ्या वारसांसाठी फ्लॅट सांभाळणारी ठरते. बक्षीसपत्र करता येते, पण निवासी आणि शेतजमिनीच्या बक्षिसासाठी महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याने मुलगा, मुलगी, नातवंडे यांना जी 200 रुपयांची सवलत दिली, तिच्या यादीत सावत्र मुलाचा उल्लेख नाही. मृत्युपत्र हा यातला सर्वांत भक्कम उपाय आहे. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दुसरे लग्न केलेल्या आणि घरात आधीची मुले असलेल्या प्रत्येकाने ते लग्नाच्या वर्षातच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पण मृत्युपत्र मरणानंतर बोलते, आणि ते केव्हाही फिरवता येते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालकत्व मिळवता येते, तेही मूल अठरा वर्षांचे झाले की संपते. जिवंतपणी, कायमचे आणि दोन्ही बाजूंनी बांधणारे नाते हवे असेल, तर आजच्या कायद्यात वाट एकच आहे, दत्तकाची.

दत्तकाच्या पहिल्या वाटेवर, म्हणजे 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यावर, आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दत्तकपत्र, देण्याघेण्याचा विधी, पनवेलच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि कलम 16 खाली त्या नोंदलेल्या पत्राला मिळणारे गृहीतक. विधवा आई स्वतःचे मूल नव्या नवऱ्याला दत्तक देऊ शकते. पण हा कायदा सावत्र कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नाही, तो वंश चालवण्यासाठी लिहिलेला आहे, आणि ते पदोपदी जाणवते. कलम 11 नुसार ज्याला आधीच मुलगा, नातू किंवा पणतू आहे त्याला मुलगा दत्तक घेता येत नाही. ज्याला मुलगी किंवा मुलाची मुलगी आहे त्याला मुलगी घेता येत नाही. तिचा एक मुलगा, त्याचा एक मुलगा, अशा दोन अर्ध्या घरांतून एक घर उभे राहते तेव्हा नेमकी हीच अट आडवी येते. पुरुषाला मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांत एकवीस वर्षांचे अंतर लागते. विसाव्या वर्षी आई झालेली आणि तेविसाव्या वर्षी विधवा झालेली बाई स्वतःच्याच वयाच्या माणसाशी लग्न करते, तेव्हा त्या लहान मुलीला हा कायदा बाप देऊ शकत नाही.

दुसरी वाट 2015 च्या बाल न्याय कायद्याची आणि त्याखालच्या दत्तक नियमावलीची. ती धर्मनिरपेक्ष आहे. 2014 मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या माणसाला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येते हे स्पष्ट केले, त्यामुळे मुस्लिम किंवा ख्रिस्ती सावत्र पालकालाही ही वाट खुली झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तर 2009 मध्येच, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालात, स्वतःची मुलगी असलेल्या दांपत्याला दुसरी मुलगी दत्तक घेण्यासाठी बाल न्याय कायद्याचा आधार दिला आणि कलम 11 ची भिंत तेवढ्यापुरती बाजूला सारली. सावत्र पालकांसाठी नियमावलीत वेगळी तरतूद आहे: केंद्रीय पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्या पालकाची संमती, पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती, आणि ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल तर आधी त्याचा निकाल. वयाच्या आणि लग्नाला दोन वर्षे झाली असण्याच्या अटी इथे लागू नाहीत. 1 सप्टेंबर 2022 पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. पनवेलच्या कुटुंबाला त्यासाठी सत्तरेक किलोमीटरवरच्या अलिबागला जावे लागते, आणि आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात, अपील करावे लागते. वाट लांब आहे, पण सावत्र कुटुंबाला ओळखून आखलेली आहे, आणि मुलाला विचारणारी आहे. हे दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

या सगळ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मयत बापाच्या घरून येतो. मुलगा गेला, सून दुसरीकडे गेली, आता नातवंडही दत्तकाने परके होणार? दत्तकाने जन्मकुळाशी असलेले नाते तुटते हे कलम 12 स्पष्ट सांगते, आणि आजी-आजोबांचे हे दुःख कुठल्याही युक्तिवादाने धुऊन निघत नाही. मिळकतीबद्दलची भीती मात्र बरीचशी गैरसमजाची आहे. दत्तकापूर्वी मुलाच्या मालकीची झालेली मिळकत दत्तकानंतरही त्याचीच राहते. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीतला वारसाने मिळालेला वाटा कुणी काढून घेऊ शकत नाही. अविभक्त कुटुंबातल्या न वाटलेल्या हिश्श्याबद्दल उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत, म्हणून ज्यांच्याकडे अशी वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनी वाटप आधी आणि दत्तकपत्र नंतर, हा क्रम पाळावा. नावाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 2022 रोजी आंध्रातल्या एका पुनर्विवाहित आईच्या बाजूने निकाल दिला: हयात असलेली नैसर्गिक पालक म्हणून मुलाचे आडनाव ठरवण्याचा आणि त्याला दत्तक देण्याचा अधिकार तिचा आहे. नव्या नवऱ्याचे नाव कागदोपत्री ‘सावत्र बाप’ म्हणून लावण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश क्रूरतेच्या जवळ जाणारा आहे, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल बरोबर वाटतो. तरीही आजीला नातवंडाला भेटता यावे यासाठी नियमावलीत जागा असायला हवी, असेही तितक्याच ठामपणे वाटते.

दुसरी अडचण हयात बापाची आहे, आणि इथे कायदा मुलाच्या बाजूला उभाच राहत नाही. घटस्फोटानंतर दहा वर्षे पोटगी न दिलेला, तोंड न दाखवलेला माणूस केवळ संमती नाकारून दत्तक अडवू शकतो. हिंदू दत्तक कायद्याच्या कलम 9 मधले अपवाद तीनच: त्याने संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल, किंवा न्यायालयाने त्याला वेडसर ठरवले असेल. मुलाला टाकून देणे हे त्या यादीत नाही. इंग्लंडच्या 2002 च्या कायद्यात मुलाच्या कल्याणासाठी आवश्यक असेल तर न्यायालय अशी संमती बाजूला ठेवू शकते. आपल्याकडे तेवढी एक ओळ कलम 9 मध्ये घातली तरी कित्येक घरांतला पेच सुटेल. त्याच इंग्लंडने आणखी एक गोष्ट केली. 1989 च्या बाल कायद्यात नवे कलम घालून सावत्र पालकाला, जन्मदात्यांच्या लेखी संमतीने किंवा न्यायालयाच्या आदेशाने, पालकत्वाची जबाबदारी घेता येईल अशी सोय केली, आणि त्यासाठी दुसऱ्या बापाचे नाते तोडावे लागत नाही. जर्मनीनेही 2001 पासून रोजच्या व्यवहारात सावत्र पालकाला मर्यादित निर्णयाधिकार दिला. आपल्याकडे सगळे किंवा काहीच नाही असा प्रकार आहे: दत्तक घ्या आणि जुने सगळे तोडा, नाहीतर परके राहा. आजी-आजोबांचा आक्षेप आणि हयात बापाचा आक्षेप, दोन्ही या टोकाच्या निवडीतूनच जन्माला येतात. मधली जागा निर्माण झाली तर दोघांचाही बराचसा विरोध मावळेल.

काही जण म्हणतील, अशी जबाबदारी लादली तर मुले असलेल्या विधवेशी लग्न करायला कोण पुढे येईल? मी लादण्याचे म्हणतच नाही; मागणाऱ्याला ती कायद्याने घेता यावी एवढेच म्हणतो. आणि जो माणूस मुलाचे काहीही देणे लागू नये या अटीवरच लग्न करतो, त्याचे ते म्हणणे आईला लग्नाआधी कळलेले बरे. सावत्र बापाला अधिकार देणे मुलाला, विशेषतः मुलीला, धोक्याचे ठरेल ही भीती अधिक गंभीर आहे आणि तिला हलके लेखू नये. पण तो माणूस त्या घरात आजही राहतोच आहे, कुणीही चौकशी न करता. दत्तकाची किंवा पालकत्वाची प्रक्रिया निदान एका अधिकाऱ्याला त्या मुलीशी बोलायला लावते. म्हणूनच जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पाच वर्षांवरच्या मुलाची संमती आईबापांच्या देखत न घेता एकट्याने घ्यावी, असा दंडक असला पाहिजे.

मूल आता मोठे झाले, आता काय उपयोग, असे म्हणून जे थांबतात त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक वाट अजून उघडी आहे. हिंदू दत्तक कायदा पंधरा वर्षांपुढच्या किंवा विवाहित व्यक्तीला दत्तक घेऊ देत नाही, पण रूढी असेल तर अपवाद मानतो, आणि जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाच्या, लग्न झालेल्या पुरुषालाही दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी पूर्वीपासून मान्य केलेली आहे. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ही रूढी प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही असे सांगितले. ज्या सावत्र बापाला स्वतःचा मुलगा, नातू वा पणतू नाही, तो तीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या सावत्र मुलालाही आज दत्तक घेऊ शकतो. बायकोची संमती, मुलाचा जन्मदाता हयात असेल तर त्याचीही संमती, देण्याघेण्याचा विधी, आणि दत्तक देणाऱ्या आईची व घेणाऱ्या बापाची अशा दोघांच्याही सह्या असलेले नोंदलेले दत्तकपत्र, एवढे त्याला लागते.